पाचर

गाईडात कथेचे घटक दिलेले असतात. पात्र, वातावरण, कथानक आणि शेवटी आशय. प्रत्येकाला एक मथळा, खाली चार ओळी, पाच मार्क. मला हे कुठल्या मास्तरानं शिकवलं नाही. माझी शाळा नववीत सुटली. खोलीतला एकजण बाहेरून बारावीला बसला होता, त्याचं गाईड मी रात्रपाळीत जेवणाच्या सुट्टीत वाचून काढलं. चाकणच्या बाजूला सळईच्या एका रोलिंग मिलमध्ये मी कामाला आहे. भट्टीजवळ उजेडाची कमी नसते.

वाचून वाटलं, हे तर सोपं आहे. एक माणूस घ्यायचा, एक जागा घ्यायची, काहीतरी घडवायचं आणि शेवटी आपला विचार सांगून टाकायचा. विचार आपल्याकडं तयार आहे. बाबासाहेबांच्या फोटोखाली वाढलेली पोरं आपण. मग अडचण कसली?

अडचण कसली ते मला एका माणसानं सांगितलं. तो साहित्यिक नाही. कथा या शब्दाला तो पोथी समजतो. तो प्रेसवर काम करायचा, आता करत नाही. त्याच्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत.

मित्रांनो, ही त्याची हकिगत आहे, पण मला विचारायचा आहे तो प्रश्न माझा आहे. आपल्या माणसाची चूक आपण आपल्या गोष्टीत लिहायची की नाही? नाही लिहिली तर गोष्ट खोटी होते. लिहिली तर मालकाच्या वकिलाला आयती मिळते. या दोन दगडांत माझी कथा वर्षभर अडकून पडली होती.

आम्ही सहाजण एका खोलीत. पाळ्या वेगळ्या, म्हणून चटया तीनच. तो माझ्यानंतर आला. गाव परभणीकडचं, असं मी लिहितो, पण गाव मी बदललं आहे. ठेकेदारामार्फत एका वर्कशॉपात लागला. गाडीचे पत्र्याचे बारके भाग दाबून काढायचे. पत्रा डायवर ठेवायचा, हात बाहेर घ्यायचे, वरचा ठोकळा खाली येतो, पीस निघतो. असे दिवसाला हजारोंनी.

ज्यांनी प्रेस पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्याच्या मशीनला दोन बटणं होती. दोन्ही एकाच वेळी दाबली तरच ठोकळा खाली यायचा. म्हणजे दोन्ही हात बटणांवर, बोटं डायच्या बाहेर. कल्पना चांगली आहे. पण दोन्ही हात बटणांवर असले तर पत्रा कोण ठेवणार, पीस कोण काढणार? वेळ जातो. टार्गेट भरत नाही. म्हणून एका बटणात लाकडाची पाचर ठोकायची. ते बटण कायमचं दाबलेलं राहतं. मग एक हात बटणावर आणि एक हात डायमध्ये. काम पळतं.

एका रात्री हात आत होता आणि ठोकळा खाली आला.

मी कथा लिहिली. नाव दिलं ‘बळी’. त्यात तो गरीब गाईसारखा. पीत नाही, हसत नाही, पगार आला की गावाला धाडतो. मशीन राक्षस. मालक काचेच्या केबिनमध्ये बसून खदाखदा हसतो. अपघात आकाशातून पडतो. शेवटी मी पानभर भाषण घातलं आणि उगवता सूर्य काढला. वस्तीतल्या विहारात रविवारी वाचून दाखवली. टाळ्या पडल्या. एक मावशी रडल्या.

तो मागं भिंतीला टेकून बसला होता. रात्री खोलीवर आल्यावर म्हणाला, “कवी, ह्यो कोण हाय रं?”

म्हटलं, “तूच की.”

“म्या न्हाई ह्यो. माझी पाचर कुठंय?”

मी गप्प.

“पाचर म्या तासली व्हती. बाभळीची. काचेनं घासून गुळगुळीत केली व्हती. साऱ्या लायनीत माझ्यावानी पाचर कुणाची नव्हती. तू ती खाऊन टाकलीस. मग माझं काय उरलं तुझ्या गोष्टीत? रडनारा एक हात.”

त्या रात्री मला झोप आली नाही. माझी पाळी नव्हती तरी.

दुसऱ्या दिवशी मी युनियनमधल्या एका जुन्या माणसाकडं गेलो. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पोरा, ते पाचरीचं लिहू नकोस. लिहिलंस तर त्याचा हात तूच तोडलास असं समज.” त्यांनी कायदा सांगितला. 1923 च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात मालकासाठी एक वाट ठेवली होती. माणूस मेला किंवा कायमचा पुरता अपंग झाला तर गोष्ट वेगळी, पण त्याहून कमी इजा असेल आणि कामगारानं संरक्षणाचं साधन जाणूनबुजून काढलं किंवा डावललं असेल, तर मालक भरपाई नाकारू शकत होता. दोन बोटं म्हणजे पुरतं अपंगत्व नव्हे. “कागदावर पाचर आली की माणूस संपला,” काका म्हणाले.

काकांचं खोटं नाही. आणि त्याचंही खोटं नाही. मग खरं कोणाचं?

उत्तर शोधायला मी गाईडाकडं गेलो नाही. अण्णाभाऊंकडं गेलो.

अण्णाभाऊ साठे 1920 साली वाटेगावला जन्मले, मुंबईत गिरणीत राबले, 1969 साली गेले. 1958 साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन त्यांनी केलं. शाळेची पायरी ते जेमतेम चढले. म्हणून मला त्यांची भीती वाटत नाही. त्यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा मी आधी वाचली होती, पण या वेळी बोटांसाठी वाचली. कारण तिच्यातही बोटं जातात.

भीमा नावाचा धिप्पाड गडी गाव सोडून मुंबईला येतो. शहरात काम मिळत नाही. उपनगराच्या कडेला एका खाणीत मिळतं. तो दगड फोडतो. मग खाण बंद पडते. हिंडताना त्याला जळालेल्या मढ्याच्या राखेत सोन्याची अंगठी सापडते. मग रोज रात्री तो स्मशानं धुंडाळू लागतो. राख चाळतो, पुरलेली मढी उकरतो. बायकोला हे पटत नाही. त्याला मात्र त्यात वावगं वाटत नाही. एका रात्री मढ्यासाठी कोल्ह्यांशी झुंज होते, आणि त्यानंतर मढ्याच्या तोंडातलं सोनं काढताना त्याची बोटं त्या जबड्यात अडकतात. सुटतात, पण दोन बोटं डॉक्टरला कापावी लागतात. आणि त्याच वेळी बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली. डोंगर फोडणारा तो गडी पोरासारखा रडतो.

आता गाईडाचे घटक लावून बघा.

पात्र. भीमा गरीब गाय आहे का? नाही. तो मढी उकरतो, त्याला त्याची लाज नाही. अण्णाभाऊंनी त्याला धुऊन-पुसून आपल्यासमोर उभा केला नाही. तो दांडगा आहे, हट्टी आहे, आपल्या धंद्यावर खूश आहे. मी माझ्या मित्राचं जे काढून घेतलं तेच अण्णाभाऊंनी भीमाजवळ ठेवलं, त्याच्या हाताचा अभिमान. म्हणून शेवटी त्याची बोटं गेली की आपल्याला कळतं, नेमकं काय गेलं. ‘बळी’मध्ये बोटं गेली तेव्हा कुणाचीच गेली नाहीत. त्या बोटांनी गोष्टीत आधी काही केलंच नव्हतं.

वातावरण. स्मशान, रात्र, कोल्हे. गाईड म्हणेल, भयाण वातावरणनिर्मिती. पण कोल्हे भीती घालायला आलेले नाहीत. माणूस आणि कोल्हा एकाच अन्नासाठी एकाच खड्ड्यापाशी आलेत, हे दाखवायला आलेत. आणि जागा बघा. शहराच्या कडेला, खाणीपाशी. शहराला दगड लागतो तोवर हा माणूस लागतो. दगड नको झाला की माणूस नको झाला. हे अण्णाभाऊ भाषण करून सांगत नाहीत. जागाच बोलते.

कथानक. इथं मला खरी चपराक बसली. खाण बंद होते, मग गुन्हा घडतो, मग बोटं जातात, मग खाण सुरू होते. गुन्ह्याच्या अलीकडं एक दार आहे, पलीकडं एक दार आहे, आणि दोन्ही दारांची किल्ली भीमाकडं नाही. चूक त्याची. पण ती कुठून कुठवर पोचते हे कथानकानं मोजून दाखवलं. नुसती चूक सांगितली असती तर पोलिसाचा पंचनामा झाला असता. नुसती खाण सांगितली असती तर मोर्चाचं पत्रक झालं असतं. पत्रकाची मला लाज नाही, मी स्वतः वाटतो. पण पत्रकाचं काम पत्रकानं करावं.

म्हणजे आशय हा चौथा खण नाहीच. आधीच्या तिघांनी एकमेकांना जे करायला भाग पाडलं, तोच आशय.

बाबूराव बागुलांचंही असंच. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा त्यांचा संग्रह 1963 साली आला. त्या नावाच्या कथेतला तरुण गुजरातेत रेल्वेच्या कामावर जातो आणि जात लपवतो. नायकच खोटं बोलतो! आणि बागुल लगेच त्याच्या शेजारी काशिनाथ सकपाळ उभा करतात. तो जात लपवत नाही, सगळ्यांचा द्वेष अंगावर घेऊन वावरतो. ही दोन पात्रं म्हणजे एका प्रश्नाची दोन टोकं आहेत. लपवून जगायचं की सांगून मरायचं? जागा पुन्हा नेमकी. गाव नव्हे, वेस नव्हे, पाटील नव्हे. रेल्वे, सरकारी नोकरी, स्वतंत्र देश. जिथं जात नसायला पाहिजे तिथंच ती खोली भाड्यानं घेताना विचारली जाते. शेवटी त्याला मार पडतो आणि सोडवायला येतो तो काशिनाथ. लेखकानं नायकाचं खोटं झाकलं असतं तर कथेत काही राहिलंच नसतं. चोरी हीच तर कथा आहे. पण चोरी वाचता वाचता आपण विचारायला लागतो, या माणसाकडून आधी काय चोरलं होतं?

लांबचं उदाहरण घ्या. गॉर्कीची 1899 सालची कथा, तळघरातल्या बेकरीतले सव्वीस मजूर आणि एक पोरगी. तळघरात ते कणीक मळतात, ऊन बघायला मिळत नाही. तान्या नावाची पोरगी रोज येते, तेवढाच त्यांना उजेड. आणि हेच मजूर एका शिपाईगड्याला डिवचतात, तिच्यावर पैज लावल्यासारखं करतात, आणि ती घसरल्यावर तिला घेरून शिव्या घालतात. ती मान ताठ ठेवून निघून जाते. सव्वीस जण तळघरात परत. गॉर्की मजुरांच्या बाजूचा होता की नाही? होताच. तरी त्यानं मजुरांचं पाप लिहिलं. त्या तळघरानं माणसाचं काय करून ठेवलं, ते त्या पापाशिवाय कळलंच नसतं.

माझी चूक माझ्या लक्षात आली. मी आशय आधी ठरवला आणि मग त्या आशयाच्या कामाला माणूस लावला. ठेकेदार काय वेगळं करतो? त्यालाही माणूस नको असतो, हात पाहिजे असतात. मीही माझ्या मित्राचा हातच घेतला आणि बाकीचा माणूस गेटवर ठेवला. ठेकेदार टार्गेट भरायला वापरतो, मी टाळ्या मिळवायला वापरला. बाजू चांगली असली म्हणून वापरणं चांगलं होत नाही.

मग मी त्याच्यासमोर वही घेऊन बसलो. म्हटलं, सांग. पाचरीपासून सांग.

पहिल्या दिवशी त्याला जे मशीन दिलं त्यात आधीच्या माणसाची पाचर होती. त्यानं ती काढून टाकली. दोन्ही हातांनी काम केलं. संध्याकाळी आकडा कमी. सुपरवायझर काही बोलला नाही, नुसता वहीत बघून पुढं गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा कमी. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, गेटवर चाळीस पोरं उभी आहेत. तिसऱ्या दिवशी यानं पाचर तासली. महिन्याभरात लायनीत सगळ्यात जास्त आकडा याचा. सुपरवायझर त्याला नावानं हाक मारायला लागला. गावातनं निघाल्यापासून नावानं हाक मारणारा तो पहिला माणूस.

हे मी ‘बळी’त लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर कळलं असतं की पाचर का गुळगुळीत होती.

वातावरणही मी चुकीचं लिहिलं होतं. चिमण्या, धूर, भोंगा. हे ऐकीव. 1954 साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, 1962 साली एमआयडीसी आली, मग भोसरी, आकुर्डी, चिंचवड भरत गेलं, 1982 साली महानगरपालिका झाली, पुढं चाकणच्या शेतांवर शेड उठल्या. हे सगळं खरं, पण त्याच्या गोष्टीचं वातावरण यातलं काहीच नाही. त्याचं वातावरण म्हणजे मोठ्या कंपनीला माल देणारी छोटी कंपनी, तिला माल देणारं वर्कशॉप, त्या वर्कशॉपला माणसं देणारा ठेकेदार, आणि ठेकेदाराच्या वहीत पेन्सिलीनं लिहिलेलं याचं नाव. पेन्सिलीनं. म्हणजे पुसता येतं. हे एकदा लिहिलं की राक्षसाची गरज उरत नाही. काचेच्या केबिनमध्ये हसणाऱ्या मालकाचीही नाही. मालक याला कधी दिसलाच नव्हता.

मी वही मिटायला लागलो तेव्हा तो म्हणाला, “थांब. अजून हाय. ते बी लिही.”

लायनीत एक नवा पोरगा आला होता. अठराचा असेल नसेल. त्याचा आकडा भरेना, रडायला आला. यानं त्याला जवळ घेतलं आणि त्याच्यासाठी एक पाचर तासली. बाभळीची. काचेनं घासून दिली.

मी म्हटलं, “हे नको.”

तो म्हणाला, “तेच लिही. दवाखान्यात शुद्धीवर आलो तवा पैला फोन त्या पोराला केला. म्हनलं, काढ ती पाचर. त्यानं काढली. दुसऱ्या दिवशी आकडा भरला न्हाई. तिसऱ्या दिवशी परत घातली.”

गोष्टीचा शेवट मला तिथं मिळाला. सूर्य नाही, भाषण नाही. पोरगा तिसऱ्या दिवशी पाचर परत घालतो, एवढंच. आशय काय, असं कुणी गाईडवाल्यानं विचारलं तर त्याला सांगा, ते तीन दिवस पुन्हा वाच.

आता काकांचा प्रश्न. तो मी टाळणार नाही. पाचर लिहिली तर मालकाला वाट मिळते का?

माझं उत्तर असं. कोर्टात विचारतात, पाचर कुणी घातली. गोष्टीत विचारायचं असतं, पाचर कुठून आली. पहिल्या प्रश्नाला एका माणसाचं नाव पुरतं. दुसऱ्याला पात्र लागतं, जागा लागते, तीन दिवसांचं कथानक लागतं. 1948 च्या कारखाना कायद्यानं मशीनच्या धोक्याच्या भागाला आडोसा घालण्याची जबाबदारी कारखान्यावर टाकली होती. म्हणजे कायद्यालाही दुसरा प्रश्न माहीत होता. कोर्टात तो विचारायला वकील लागतो, आणि आपल्याकडं वकिलाचे पैसे नसतात. गोष्टीत तो फुकट विचारता येतो. तिथं पाचर लपवली की तो दुसरा प्रश्नच लपतो. मग मालक पहिला प्रश्न घेऊन येतो आणि आपण उघडे पडतो, कारण आपण खोटं बोललेलो असतो.

पण एवढ्यानं मी सुटत नाही. जिवंत माणसाचा हात माझ्या उत्तरापेक्षा मोठा आहे. त्याची भरपाई अजून मिटलेली नाही. म्हणून मी त्याला विचारलं. तो म्हणाला, नाव नको, कारखान्याचं नाव नको, गाव बदल, पाचर ठेव. मी तसंच केलं. लेखकानं आधी विचारावं, हा नियम कुठल्या गाईडात नाही. तो आपण आपल्यात करून घेऊ. आपल्या आई-बापांचं जगणं लोकांनी न विचारता लिहिलं, त्यावर पुस्तकं केली, पदव्या घेतल्या. आपणही तेच केलं तर आपल्यात नि त्यांच्यात फरक काय राहिला?

डिसेंबरच्या 25 तारखेला आम्ही दोघं देहूरोडला गेलो होतो. 1954 साली याच तारखेला बाबासाहेबांनी तिथं बुद्धाची मूर्ती बसवली. गर्दी होती. त्यानं डाव्या हातानं मेणबत्ती लावली, उजवा खिशात. परत येताना बसमध्ये मी त्याला नवी कथा वाचून दाखवली, हळू आवाजात, शेवटपर्यंत. तो खिडकीबाहेर बघत होता.

मी विचारलं, “आता कोण हाय ह्यो?”

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “मीच हाय. पर त्या पोराला वाचून दावू नको इतक्यात. त्याची पाळी चालू हाय.”